पाहुण्याचा दिवस कोणी ठरवायचा?

दिवाळीच्या सुमारास नव्या वर्षाचे कॅलेंडर घरात येते आणि घरोघर एक छोटासा समारंभ होतो. गृहिणी चतुर्थी-एकादशी पाहून घेते, मुले सुट्ट्या मोजतात, आणि कोणती सुट्टी रविवारी येऊन 'बुडाली' याचा हिशेब करून गृहस्थ हळहळतात. सरकारी नोकर असो, बँकेतला कारकून असो की आमच्यासारखा मास्तर असो, सुट्टीच्या बाबतीत सर्वांचे एकमत असते. ती कोणाच्या नावाने मिळाली याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. दाराशी आलेल्या लक्ष्मीला तिचे गोत्र विचारू नये, तसाच हा प्रकार!

पण कधी कधी एखादे लहान मूल ही चौकशी करते, आणि मग मोठ्यांची पंचाईत होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झाली आहे. तिच्या मुलाच्या शाळेच्या वेळापत्रकात ऑक्टोबर महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी दोन नावांनी छापून आली होती. एक नाव 'कोलंबस दिन' आणि दुसरे 'मूलनिवासी जन दिन'. मुलाने विचारले, "आई, एका दिवसाला दोन नावे कशी? आणि यांतला खरा दिवस कोणाचा?" बाईंना उत्तर सुचेना. तिने मला कळवले, "सर, नांदेडला वर्गात तुम्हीच आम्हाला कोलंबस शिकवला होता. आता याला काय सांगू ते तुम्हीच सांगा."

तिची तक्रार अगदी रास्त होती. मी मराठीचा प्राध्यापक, इतिहासाचा नव्हे. पण कोलंबस आमच्याकडे इतिहासाच्या दाराने आलाच नाही, तो आला कवितेच्या दाराने. कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' ज्याने शाळा-कॉलेजात कधी म्हटले नाही असा मराठी माणूस विरळा. ते ज्या 'विशाखा' संग्रहात आहे तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. साल लक्षात घेतले म्हणजे त्या कवितेतला नाविक कोण हे कळते. तो स्पेनच्या राणीचा नोकर नाही. पारतंत्र्याच्या वादळात नाव घालणारा हिंदुस्थानातला तरुण कोलंबसाचा अंगरखा घालून तिथे उभा आहे. म्हणून ती कविता आजही वर्गात म्हटली की मागच्या बाकावरची मुलेही ताठ बसतात.

मात्र एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या कवितेत समुद्र आहे, वादळ आहे, नाविक आहेत. किनारा गाठल्यानंतर काय झाले, ते त्या कवितेत नाही आणि असण्याचे कारणही नाही. कवीला हवे होते ते धाडस, आणि धाडस समुद्रातच असते. इतिहासाला मात्र किनाऱ्यावर उतरून पुढे चालावे लागते. सुट्टीचा प्रश्न उभा राहतो तोही किनाऱ्यावरच.

एका सोमवारची दोन नावे

कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांपैकी एका बेटावर उतरला. आपण हिंदुस्थानाच्या परिसरात पोहोचलो असा त्याचा समज झाला, म्हणून तिथल्या माणसांना त्याने 'इंडियन' म्हटले. आपल्या देशाचे नाव असे परस्पर भलत्यांना मिळाले. ते लोक होते ताइनो. १४९५ साली त्यांच्यापैकी सुमारे ५०० जणांना जहाजांत कोंबून गुलाम म्हणून स्पेनला धाडण्यात आले. त्यांतले कित्येक वाटेतच मेले. कोलंबसाचा कारभार इतका बेबंद झाला, की १५०० साली स्पेनच्याच अधिकाऱ्याने त्याला बेड्या घालून परत पाठवले. तेव्हा आज आपण जुन्या माणसाला नव्या काळाच्या काट्याने तोलतो आहोत, हा आक्षेप पुरता टिकत नाही. त्याच्या काळच्या लोकांनीही त्याला तोलले होते.

मग अशा माणसाच्या नावे अमेरिकेने सुट्टी दिली कशी? याची हकिकत ऐकली म्हणजे मन थोडे नरम होते. न्यू ऑर्लिन्स शहरात १८९१ साली जमावाने अकरा इटालियन माणसांना ठार मारले. अमेरिकेत इटालियन लोक तेव्हा हलके समजले जात. पुढच्याच वर्षी कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे होत होती. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी तो दिवस देशभर पाळावा असे जाहीर केले, आणि इटालियनांना वाटले, चला, या देशाच्या जन्मकथेत आपलाही एक माणूस आहे! १९६८ च्या कायद्याने ही सुट्टी सोमवारची झाली आणि १९७१ पासून ती तशी अमलात आली. म्हणजे एका दुखावलेल्या समाजाने आपल्या जखमेवर कोलंबसाचे नाव बांधले. दुर्दैव असे, की त्याच नावाने दुसऱ्या समाजाची जखम उघडी पडत होती. १९९० साली साउथ डकोटा राज्याने आणि १९९२ साली बर्कली शहराने त्या दिवसाचे नाव बदलले. २०२१ साली राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी मूलनिवासी जनांच्या नावेही घोषणापत्र काढले. एका सोमवारला दोन नावे मिळाली ती अशी.

आपल्या दाराशी आलेला पाहुणा

आपल्याकडे याच तोलाचा पाहुणा म्हणजे वास्को द गामा. कोलंबस चुकला, वास्को बरोबर पोहोचला. 'वास्को द गामाने हिंदुस्थानचा जलमार्ग शोधला' हे वाक्य आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे आणि त्याचे गुणही घेतले आहेत.

त्याचे जे आहे ते त्याला द्यावे. ८ जुलै १४९७ रोजी तो लिस्बनहून निघाला. आफ्रिकेचे टोक गाठण्यासाठी त्याने अटलांटिक महासागरात एवढा मोठा वळसा घेतला, की तीन महिने जमीन दृष्टीस पडली नाही. हिरड्या सुजून माणसे मेली. सुमारे १७० जण निघाले होते, त्यांतले निम्मेही परतले नाहीत; त्याचा सख्खा भाऊ पावलो परतीच्या वाटेवर गेला. हे धैर्य खोटे नव्हे. परंतु 'शोधला' हा शब्द जरा जपून वापरावा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मलिंदी बंदरात त्याला वाटाड्या मिळाला आणि त्या वाटाड्याने त्याला महिन्याच्या आत अरबी समुद्र ओलांडून आणले. ज्या रस्त्याने वाटाडे रोज ये-जा करतात तो रस्ता सापडला म्हणणे म्हणजे, एस. टी. च्या वाहकाला विचारून गाव गाठावे आणि गावाचा शोध लावल्याची पेढी वाटावी, तसे आहे.

२० मे १४९८ च्या सुमारास जहाजे कालिकतजवळ लागली. तिथला राजा सामुतिरी. पोर्तुगीज त्याला झामोरीन म्हणत. वास्कोने राजासाठी आणलेल्या नजराण्याची यादी त्याच सफरीतल्या एका माणसाने लिहून ठेवली आहे: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, चार तांबड्या टोप्या, सहा हॅट, पोवळ्याच्या चार माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपे आणि मधाची दोन. राजाची माणसे ते पाहून हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून अधिक देतो, असे ती म्हणाली. आपल्याकडे बारशालाही जो आहेर कोणी नेणार नाही, तो घेऊन हे महाशय मिऱ्यांच्या सम्राटाकडे गेले होते! राजाने त्यांना हाकलले मात्र नाही. व्यापार करू दिला आणि रिवाजाप्रमाणे जकात मागितली. इतर व्यापारी भरत होते ती जकात वास्कोला अपमान वाटली.

इथवर प्रसंग विनोदी आहे. १५०२ साली वास्को पुन्हा आला तो तोफा घेऊन. मक्केहून यात्रेकरूंना घेऊन परतणारे 'मीरी' नावाचे जहाज त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ अडवले. त्यावर शेकडो माणसे होती. स्त्रिया होत्या, मुले होती. त्यांनी खंडणी देऊ केली. वास्कोने लूट घेतली आणि जहाजाला आग लावण्याचा हुकूम दिला. तोमे लोपेश नावाचा एक पोर्तुगीज त्याच ताफ्यात होता. त्याने लिहून ठेवले आहे, की जहाजावरच्या बायका आपली तान्ही मुले वर उचलून दाखवीत होत्या, दयेची याचना करीत होत्या. जहाज जळाले. त्यानंतर कालिकतवर तोफा डागण्यात आल्या आणि पकडलेल्या गरीब कोळ्यांचे हात, नाक, कान कापण्यात आले. हे त्याच्या शत्रूंनी रचलेले कुभांड नव्हे, त्याच्याच सोबत्यांची साक्ष आहे.

सोळा आण्यांचा प्रश्न

या माणसाच्या नावे आपल्याकडे सुट्टी नाही. पण पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात त्याचा गौरव कमी झाला नाही. जुन्या गोव्यात नदीकाठच्या कमानीवर त्याचा पुतळा आहे. ती कमान त्याच्याच पणतूने, व्हाइसरॉय असताना, उभारली. १८७१ साली पणजीत स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेला त्याचे नाव मिळाले. गोवा मुक्त झाल्यावर ती मिनेझिस ब्रागांझा संस्था झाली. १८९८ साली सफरीला ४०० वर्षे झाली तेव्हा पोर्तुगीज हिंदुस्थानासाठी खास टपाल तिकिटे निघाली. मुरगाव बंदराशेजारचे शहर तर आजही वास्को द गामा आहे. रेल्वेच्या तिकिटावर तेच नाव छापून येते. गंमत म्हणजे गोवा वास्कोने जिंकलाच नव्हता. तो जिंकला आल्बुकर्कने, १५१० साली.

१९९८ साली ५०० वर्षे भरली. मी तेव्हा लातुरात शिकत होतो. पोर्तुगालमध्ये मोठा थाट होता. लिस्बनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले आणि टॅगस नदीवरच्या प्रचंड पुलाला वास्कोचे नाव दिले गेले. आपल्याकडे मात्र गोव्यात आणि केरळात निषेध झाला. सोहळा कसला करायचा? गुलामगिरीच्या पहिल्या पावलाचा? असा निषेध करणाऱ्यांचा सवाल होता. इतिहासकार सरदार का. मा. पणिक्कर यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात आशियाच्या साडेचारशे वर्षांच्या पारतंत्र्याला 'वास्को द गामाचे युग' असे नाव दिलेच होते.

आता मौज पाहा. खुद्द पोर्तुगालमध्येही राष्ट्रीय सुट्टी वास्कोच्या नावाने नाही. ती आहे १० जूनला, आणि तो दिवस आहे कामॉइश या कवीच्या मृत्यूचा. वास्कोच्या सफरीवर महाकाव्य लिहिणाऱ्या कवीला देशाने दिवस दिला, नाविकाला नाही. मराठीच्या मास्तराला यावर काही बोलायची गरज नाही. मी फक्त कॉलर ताठ करतो. शिवाय आपल्याकडे कोणी २० मेची सुट्टी मागितलीच, तरी ती आमच्या कॉलेजांच्या उन्हाळी सुट्टीत जाऊन बुडेल. म्हणजे मास्तर मंडळींचा तिला पाठिंबा मिळण्याची शक्यता नाही!

फराळाच्या ताटातला पुरावा

परंतु दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. माझे एक मित्र म्हणतात, "वास्कोला शिव्या द्यायच्या तर आधी ताटातली मिरची काढून ठेवा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. मराठवाड्यात मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही, आणि ही मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेली. बटाटा, काजू, पपई, अननस, पेरू ही सगळी त्याच वाटेची मंडळी. दिवाळीच्या चिवड्यातला काजू हा शब्दसुद्धा पोर्तुगीज तोंडातून आला. पाव, साबण, चावी, बालदी, घमेले हे शब्द तिथलेच. महिन्याच्या एक तारखेला ज्याची आपण वाट पाहतो तो पगारही तिथलाच. आणि कोकणचा राजा हापूस, त्याचे नाव 'आफोंसो' या पोर्तुगीज नावावरून पडलेले.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मी हे ऋण मानतो. पण ऋण कोणाचे, हेही पाहावे. मिरची रुजवली ती इथल्या शेतकऱ्याने, ठेचा केला तो इथल्या बाईने, आणि 'पगार' शब्दाला मराठी प्रत्यय लावले ते इथल्या कारकुनाने. देवाणघेवाण लोकांनी केली. जहाजावरची आग मात्र हुकमाने लागली होती, आणि हुकूम देणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "डाग कोणाला नाही? असे म्हणत गेलात तर कॅलेंडरात एक सुट्टी उरणार नाही." खरे आहे. म्हणूनच माणूस निष्कलंक होता का, हा प्रश्न सुट्टीसाठी चुकीचा आहे असे मला वाटते. त्यासाठी दुसरा, साधा प्रश्न पुरे आहे.

उंबरठ्याच्या आतले मत

पाहुणा चांगला होता की वाईट, हे कोणाला विचारावे? तो ज्या घरून निघाला तिथे त्याची आई त्याचे कौतुकच सांगेल. तो ज्या घरी उतरला, त्या घराला विचारावे. प्रवाशाच्या दिवसाचा निवाडा निघालेल्या गावाने करायचा नाही. पोहोचलेल्या गावाने करायचा. माझे मत एवढेच आहे, आणि ते काही प्रवाशांना लावून पाहतो.

वास्कोच्या सुमारे पाव शतक आधी अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याच्याकडे तोफ नव्हती. विकायला आणलेला एक घोडा होता. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून बिचाऱ्याचा घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे तो बहामनी राजधानी बीदरला येऊन राहिला. आमच्या उदगीरच्या माणसाला बीदर काही परके नाही. त्याने पाहिले ते लिहिले: इथला बाजार, इथल्या सरदारांचा थाट आणि रयतेचे दारिद्र्यही. आज रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्याच्या नावे सुट्टी कोणी मागत नाही आणि ते स्मारक काढाही कोणी म्हणत नाही. पोहोचलेल्या गावाने त्याला एक दगड दिला. तेवढे त्याला शोभते.

आता दुसरा प्रवासी. निकितीन हिंदुस्थानात आला त्याच सुमारास, १४६९ साली, गुरू नानकांचा जन्म झाला. म्हणजे ते वास्कोचे समकालीन. ते रबाब वाजविणाऱ्या मर्दानाला सोबत घेऊन गावोगाव, देशोदेशी हिंडले. त्यांच्या जन्मदिवसाची, कार्तिकी पौर्णिमेची, सुट्टी आपल्या कॅलेंडरात आहे. दिवाळी संपता संपता ती येते. त्यांच्या परंपरेचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली आमच्या नांदेडला आले आणि गोदाकाठी त्यांनी देह ठेवला. नांदेडच्या माणसाला गुरुद्वाऱ्याचा निशाणसाहेब परका वाटत नाही.

आणि तिसरा प्रवासी आपल्याच मातीतला. नांदेडच्या शेजारी, आजच्या हिंगोली जिल्ह्यात, नरसी हे गाव आहे. मराठवाडा त्याला संत नामदेवांचे गाव मानतो. चौदाव्या शतकात नामदेव पंजाबात गेले. त्यांनी कोणते जहाज जाळले? कोणाकडून जकातीची माफी मागितली? गेले ते टाळ आणि अभंग घेऊन. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत, आणि पंजाबातल्या घुमान गावी त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थेट त्या घुमानला भरले. नरसीने नामदेवांना मोठे म्हटले तर त्यात नवल नाही. घुमानने म्हटले, ही खरी पावती.

या कसोटीला वास्को उतरत नाही. कालिकतने त्याचा दिवस मागितलेला नाही. गोव्याने सुट्टी दिली ती १९ डिसेंबरला, म्हणजे पोर्तुगीज गेले त्या १९६१ च्या तारखेला. कोलंबसही उतरत नाही, कारण ताइनोंना कोणी विचारलेच नाही. आपल्या प्रजासत्ताक दिनाच्याच तारखेला, २६ जानेवारीला, ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय सुट्टी असते. १७८८ साली त्या दिवशी इंग्रजांचा ताफा सिडनीला लागला. तिथल्या मूळ रहिवाशांनी १९३८ साली तोच दिवस शोकदिन म्हणून पाळला. एकाच तारखेला आपल्याकडे संचलन आणि तिकडे शोक! तारखेत काही नसते. दाराच्या आतले लोक काय म्हणतात, त्यात सारे असते.

आपल्या अंगणातली तारीख

पण कसोटी दुसऱ्यांच्या घरी वापरायची आणि स्वतःच्या घरी खुंटीला टांगायची, हे बरे नव्हे. म्हणून ती मी आमच्या मराठवाड्याच्या तारखेला लावून पाहतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा नांदेड, लातूर, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आम्हाला स्वातंत्र्य मिळायला तेरा महिने अधिक लागले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, गोविंदराव पानसऱ्यांसारख्यांनी प्राण दिले, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. तो आमचा मुक्तिसंग्राम दिन. आठही जिल्ह्यांत त्या दिवशी ध्वज चढतो. इथे बाहेरून आलेल्याचे स्वागत घरानेच केले होते; म्हणून हा दिवस आमच्या कसोटीला उतरतो, आणि तो पाळलाच पाहिजे.

माझी आजी लातूरजवळच्या एका खेड्यातली. त्या दिवसाच्या तिच्या दोन गोष्टी होत्या. पहिली ती ओसरीवर, सर्वांसमोर सांगे. रझाकारांच्या भीतीने बायका-मुली ज्वारीच्या उभ्या पिकात कशा रात्र काढीत, एक तान्हे मूल रडू लागले तेव्हा त्याच्या आईने त्याला छातीशी कसे घट्ट दाबून धरले, आणि मग सैन्य आल्याची बातमी आली तेव्हा गावात गूळ कसा वाटला गेला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरातच वकिली करीत असे. त्यामुळे ती भीती आमच्याकडे फार जवळची होती.

दुसरी गोष्ट ती घरात, हळू आवाजात सांगे. तिच्या लग्नात ज्या मणियाराने तिच्या हातात चुडा भरला, त्याचे घर पोलिस ॲक्शननंतरच्या दिवसांत रातोरात उठले. त्याने रझाकारांना पाणीही पाजले नव्हते. ते घर पुन्हा गावात आले नाही. पुढे बांगड्या भरायला बायकांना बाजाराच्या गावी जावे लागे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी त्याची आठवण काढी.

आजीची ही दुसरी गोष्ट एकट्या आमच्या गावची नव्हती. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस या भागाचा दौरा केला. तिच्या अंदाजाने पोलिस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे लिहिली. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आलाच नाही. शेजारच्या तेलंगणात तर याच १७ सप्टेंबरची नावे ठरता ठरत नाहीत. केंद्राचा 'हैदराबाद मुक्ती दिन', राज्याचा २०२२ साली 'राष्ट्रीय एकात्मता दिन', २०२४ साली 'प्रजापालन दिन'. अमेरिकेतल्या त्या सोमवारला दोन नावे म्हणून आपण चकित झालो. आपल्या शेजारी एका तारखेला तीन आहेत!

मला विचाराल तर नाव बदलण्याने हे दुखणे जात नाही, आणि सुट्टी काढून घेण्यानेही नाही. मुक्तीचा आनंद खरा आहे आणि मणियाराचे घर उठले तेही खरे आहे. रझाकारांचे पाप त्याच्या माथी मारता येत नाही, आणि त्याच्या दुःखाने पानसऱ्यांचे हौतात्म्य उणे होत नाही. जो दिवस सगळ्या घराचा म्हणायचा, त्या दिवशी घरातल्या एकालाही तोंड चुकवून बसावे लागू नये. यासाठी करायचे ते फार अवघड नाही. ध्वजवंदन झाल्यावर जी भाषणे होतात, त्यांत ज्वारीच्या पिकातली रात्र सांगावी आणि उठलेले घरही सांगावे. आजीला जे हळू आवाजात सांगावे लागले, ते आम्ही माइकवरून सांगायला काय हरकत आहे? दिवस त्याने लहान होणार नाही, उलट त्याला अधिक माणसे येतील.

माझ्या विद्यार्थिनीला मी उत्तर पाठवले ते थोडक्यात असे. मुलाला सांग, सुट्टी म्हणजे शाबासकीचे पदक नव्हे. ते आमंत्रण असते. त्या दिवशी कोणाकोणाला बोलावले आहे ते पाहायचे आणि कोण येऊ शकत नाही तेही पाहायचे. कोलंबसाचे धाडस त्याला जरूर शिकव, कुसुमाग्रजांची कविता म्हणून दाखव, आणि कविता संपली की किनाऱ्यावर पुढे काय झाले तेही वाचून दाखव. धड्यात कोलंबस आणि वास्को दोघांनाही भरपूर जागा आहे; जितके शिकवू तितके थोडेच. पण सुट्टी मागायची असेल तर आधी ताइनोंना आणि कालिकतच्या कोळ्यांना विचारून यावे.

तिचा मुलगा चतुर निघाला. त्याने परत विचारले, "मग त्या सोमवारी मी शाळेत जायचे की नाही?" याचे उत्तर मात्र मी दिले नाही. वाचकहो, सुट्टीविरुद्ध मत देणारा मास्तर तुम्ही पाहिला आहे काय?